इंजिन विकत मिळतं, गाव मिळत नाही: मॉडेल रेल्वेच्या इमारती आणि देखाव्याचा छोटा धंदा



मागच्या व्हिडिओत मी कुरकुंभच्या माझ्या वर्कशॉपमधलं टेबल दाखवलं होतं. त्यावर एक फलाट, पिवळी पाटी, दोन बाभळी आणि पत्र्याची शेड होती. त्याखाली सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच: "सर, हे विकलं जातं का?" विकलं जातं. पण कसं बनवायचं आणि किती पैसे मागायचे हे कळलं नाही, तर विकूनसुद्धा खिशातले जातात. माझे गेलेत. ते पुढे सांगतो, आधी काम समजून घेऊ.

मॉडेल रेल्वे म्हणजे रुळावर पळणारी छोटी गाडी, एवढंच आपल्याला माहीत असतं. गाडी, रूळ, कंट्रोलर हे सगळं कंपन्या बनवतात, त्यात आपण पडायचं नाही. पण गाडी ज्या गावातून जाते ते गाव कुणीतरी हाताने उभं करावं लागतं. युरोपातली तयार घरं मिळतात, लाल कौलांची, उतरत्या छपरांची. दौंडचं स्टेशन, मळद-रावणगावकडचा ऊस, हायवेकडेची चहाची टपरी हे कुठल्याही डब्यात मिळत नाही. तुमची जागा तिथे आहे.

हे आपल्याकडे कुणी केलंय का?

केलंय, आणि फार लांब नाही. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून ते उभं राहिलं आणि १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी खुलं झालं. प्रमाण १:८७, सिग्नल ६५. पण तिथे गेल्यावर तुम्ही गाड्यांकडे बघू नका. निदान पहिल्या खेपेला तरी नाही. रस्ते, दिव्याचे खांब, पूल, सर्कस, कुंपणं बघा. शेजारची पोरं काय बोलतात ते ऐका. गाडी गेली की पोरगं "अजून एक आली!" म्हणतं, पण बोट दाखवतं ते सर्कशीकडे. लोक देखावा बघायला थांबतात, हे एकदा डोळ्यांनी बघून या. तिकिटाचे पैसे प्रशिक्षणाचा खर्च म्हणून धरा.

बाहेरचं एक उदाहरण देतो, कारण ते आपल्यासारख्या गावाचं आहे. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात ग्युटेनबाख नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९४६ साली, युद्ध नुकतंच संपलेलं असताना, हेरमान आणि एडविन फालर या दोन भावांनी कंपनी काढली. त्यांचं नाव इंजिनांमुळे झालं नाही. त्यांनी इंजिनाशेजारची घरं बनवली. आज मॉडेल रेल्वेवाल्यांच्या जगात फालर हे नाव सगळ्यांना माहीत आहे. आणि ज्या मेर्कलिनच्या गाड्या जगभर जातात, ती कंपनी १८५९ मध्ये सुरू झाली ती बाहुल्यांच्या घरातली पत्र्याची भांडीकुंडी बनवत. म्हणजे भातुकलीपासून. आपल्याकडे कुणी भातुकलीचा सेट बनवला तर आपण त्याला धंदा म्हणत नाही, तो भाग वेगळा.

दिवाळीचा किल्ला आठवा

तुमच्यापैकी प्रत्येकाने हा धंदा लहानपणी फुकट केलाय. माती, पोत्याचं फडकं, वरून पेरलेली मोहरी किंवा हळीव, आणि गडावर महाराज. फक्त एक चूक सगळ्यांची सारखी होती: महाराज बुरुजाएवढे, आणि पायथ्याचा मावळा तोफेहून मोठा. किल्ल्यावर ते चालतं, श्रद्धेचा भाग आहे. मॉडेलमध्ये चालत नाही. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण "काहीतरी खेळण्यासारखं दिसतंय" असं तो म्हणतो आणि भाव पाडतो.

१:८७ म्हणजे खरी वस्तू ८७ पट लहान. खऱ्या १ मीटरचे तुमचे साडेअकरा मिलिमीटर. एवढं एकच पाठ करा. साडेपाच फुटी माणूस १९ मिमी. २.१ मीटरचा दरवाजा २४ मिमी. ऊस तोडणीला आला की साधारण अडीच-तीन मीटर, म्हणजे २९ ते ३५ मिमी. फलाट रुळाच्या वर जास्तीत जास्त ८४ सेंटिमीटर असतो, म्हणजे तुमचा फलाट जेमतेम १० मिमी जाड. नवशिका हमखास २० मिमीचा फलाट करतो आणि मग डब्याचं दार फलाटाखाली जातं.

आता अडचण येते लांबीची. एलएचबी डबा साडेतेवीस मीटरचा, म्हणजे मॉडेलमध्ये २७ सेंटिमीटर. चोवीस डब्यांची गाडी धरली तर साडेसहा मीटर होते. कुणाच्या घरात एवढी भिंत आहे? म्हणून रुंदी आणि उंची प्रमाणातच ठेवायची, लांबी मात्र कापायची. पाच डबे आणि एक इंजिन म्हणजे साधारण १६० सेंटिमीटर. सव्वापाच फुटांत बसतं, आणि डोळ्याला ती "लांब गाडी" वाटते. इमारतीचंही तसंच: दहा कमानी असतील तर सहा करा, पण प्रत्येक कमान पूर्ण मापाची. कमानच बारीक केलीत तर फसलात.

एक गोष्ट ग्राहकाला आधीच सांगून टाका. बाजारात मिळणारा १:८७ चा रूळ १६.५ मिमी रुंद असतो, कारण तो परदेशातल्या १४३५ मिमीच्या रुळावरून काढलाय. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. त्याचं खरं माप १९.३ मिमी होतं. म्हणजे आपल्या गाडीखालचा रूळ थोडा अरुंद दिसणारच. बहुतेक छंदवाले हे चालवून घेतात. पण रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस एका नजरेत ओळखतो, आणि दौंडमध्ये असे लोक गल्लोगल्ली आहेत. त्याने विचारायच्या आत तुम्ही सांगितलंत तर तो तुमच्यावर विश्वास ठेवतो. त्याने पकडल्यावर सांगितलंत तर ती सबब वाटते.

मापं कशी घ्यायची

रुळात उतरून टेप लावायचा नाही. रेल्वे कायद्याने तो गुन्हा आहे, आणि जीव जाण्याची गोष्ट वेगळीच. स्टेशनात व्यावसायिक चित्रीकरण करायचं असेल तर रेल्वेची परवानगी लागते. आम्ही सुरुवात बाहेरून दिसणाऱ्या इमारतींपासून करतो: गावातलं जुनं घर, शाळा, फिरंगाई देवीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची दुकानं. मालकाला विचारा, चहा प्या, मग भिंतीला एक मीटरची काठी उभी लावून समोरून फोटो काढा. तिरका फोटो उपयोगाचा नाही. काठी फोटोत असली की उरलेली सगळी मापं घरी बसून निघतात. काठी विसरलात तर विटा मोजा. आपली प्रमाणित वीट सिमेंटच्या जोडासकट १० सेंटिमीटर उंचीची धरतात, दहा थर म्हणजे एक मीटर. जुन्या भट्टीच्या विटेला हे लागू होत नाही, तिथे दाराची उंची धरा.

सामान: महाग तेच चांगलं असं नाही

पायाला ९ मिमी प्लाय आणि खाली लाकडी फ्रेम. नुसता प्लाय आषाढात वाकतो. माझा वाकलाय. फ्रेमचे कोपरे गुण्या लावून तपासा, कारण पाया तिरका असला की वरच्या प्रत्येक भिंतीला तुम्ही फटी बुजवत बसता.

डोंगर-चढ थर्माकोलचे. पण त्याला स्प्रे पेंट थेट मारू नका, किंवा पंक्चरवाला वापरतो तसलं सोल्युशन लावू नका. थर्माकोल विरघळतं, खड्डे पडतात. फेव्हिकॉल लावा, वर कागदाचा लगदा किंवा पुट्टी, आणि मग रंग.

भिंतींना ३ मिमी सनबोर्ड किंवा २ मिमी एमडीएफ. लेझर कटिंग करून घेणार असाल तर फक्त एमडीएफ द्या. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी, लेझरखाली त्यातून आम्लाचा विषारी वायू निघतो, माणसाला आणि मशीनला दोघांना खातो. कटिंगवाला "होतंय की" म्हणाला तरी देऊ नका. सनबोर्ड कटरनेच कापायचा, एका दमात नाही, तीन हलक्या ओढींत.

खडी हा माझा आवडता भाग, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. रुळाखालच्या खऱ्या खडीचा आकार ६५ मिमीपर्यंत असतो. ८७ ने भागा: पाऊण मिलिमीटर. म्हणजे जाड रव्याएवढी. आपल्या भागात खडी क्रशर आहेत, तिथली बारीक कच पिशवीभर मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. आणि तो आपलाच काळा बेसॉल्ट आहे, रंग द्यायची गरज नाही. आधी चहाच्या गाळणीतून, मग मैद्याच्या चाळणीतून चाळा. गाळणीतून पडलेली आणि मैद्याच्या चाळणीवर अडलेली, ती तुमची खडी. खाली पडलेली धूळ टाकू नका, रस्त्याला कामाला येते.

पण थांबा. या कचीत एक चोर आहे. आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट नावाचं लोखंडाचं खनिज असतं. त्याचे कण चुंबकाला चिकटतात, आणि छोट्या इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबकच असतो. गाडी चार फेऱ्या मारते आणि घरघर करून थांबते. म्हणून कच कागदावर पातळ पसरून वरून जुन्या स्पीकरचा चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवा. पिशवी उलटी केली की काळी भुकटी वेगळी होते. चुंबकाला काही चिकटेनासं होईपर्यंत फिरवा. ग्राहकाचं काही हजारांचं इंजिन या दहा मिनिटांवर अवलंबून आहे.

खडी कोरडीच पसरायची, ब्रशने स्लीपरच्या मध्ये बसवायची, पाण्याचा बारीक फवारा मारायचा, आणि मग एक भाग फेव्हिकॉल, दोन भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब असं मिश्रण ड्रॉपरने सोडायचं. साबणाचा थेंब नसेल तर पाणी गोळी होऊन वरच बसतं. जिथे रूळ बदलतो त्या हलत्या पात्यांजवळ डिंक जाता कामा नये. चोवीस तास हात लावायचा नाही. पावसाळ्यात दोन दिवस.

शेतासाठी लोक उत्साहाने रानातली काळी माती आणतात. डिंक ओतला की ती फुगते, आणि वाळली की भेगा पडतात. उन्हाळ्यात रानात पडतात तशाच, पण प्रमाणात नाही: मॉडेलमधल्या माणसाचा पाय जाईल एवढ्या. म्हणून खाली बारीक वाळू आणि काळा-तपकिरी रंग, वर फक्त वस्त्रगाळ मातीची भुरभुर. आणि कुठलीही माती तव्यावर चांगली भाजून घ्या. नाहीतर दोन महिन्यांनी ग्राहकाचा फोन येतो, "अहो, तुमच्या स्टेशनातून किडे निघतायत."

झाडांना जुन्या मोटरची तांब्याची वाइंडिंग तार पिळून खोड-फांद्या करा, त्यावर पुट्टी. पाल्यासाठी जुन्या गादीचा स्पंज मिक्सरमध्ये बारीक करून रंगवा. घरचा मिक्सर वापरू नका, मी एकदा वापरला, त्यावर जास्त बोलत नाही. वेडी बाभूळ पसरट आणि विरळ करायची, कडुलिंब भरगच्च आणि गोल. सगळी झाडं एकसारखी हिरवी केलीत तर ते युरोप होतं. आपल्याकडे वर्षातले सात-आठ महिने कडेचं गवत वाळलेलं असतं, ते काथ्याचं करा. उसालाही काथ्याच, पण हिरवा रंगवून, जुडी बांधून उभा.

रंग डब्यातला तसाच्या तसा लावला तर छोटी वस्तू गडद दिसते. प्रत्येक रंगात थोडा पांढरा मिसळा. पत्र्याच्या गंजाला रंग नको, विटकरी आणि तपकिरी खडूची पूड कोरड्या ब्रशने वरून खाली ओढा, पाणी जसं ओघळतं तशी.

दिवे लावणार असाल तर १२ व्होल्टच्या सप्लायवर पिवळसर पांढऱ्या एलईडीला ४७० ओहमचा रेझिस्टर पुरतो. मी १ किलो-ओहम लावतो, उजेड मंद पडतो आणि खरा वाटतो. घरात आतून काळा रंग द्या, नाहीतर भिंतीच कंदिलासारख्या उजळतात.

आता पैशाचं

माझी पहिली ऑर्डर एका पुण्याच्या ग्राहकाची होती. चार फुटी फलाट, एक इमारत, एक शेड. मी सामानाचा अंदाज काढला, त्याची अडीचपट केली आणि ६,५०० सांगितले. तो लगेच हो म्हणाला. समोरचा लगेच हो म्हणाला की पोटात गोळा यायला पाहिजे होता, मला आनंद झाला. सामान लागलं २,३५० चं. तास मी सवयीने वहीत लिहीत होतो, ते झाले ७१. वर पाठवताना शेडचं छप्पर सुटलं, दोनदा जाऊन दुरुस्त केलं, ते ७८०. उरले ३,३७०. भागा ७१ ने. तासाला सत्तेचाळीस रुपये. हायवेवरच्या ढाब्यावर कांदा चिरला असता तर निदान जेवण मिळालं असतं. घरी हा हिशेब सांगायला मला तीन दिवस लागले, आणि बायकोने तो माझ्याआधीच वहीत बघितलेला होता.

म्हणून आता उलटं चालतो. आधी तासाचा दर ठरवा. समजा १५०. वरच्याच कामाचे ७१ तास म्हणजे १०,६५०. सामान २,३५०. पॅकिंग आणि वाहतूक १,०००. झाले १४,०००. यावर मोडतोड, फुकट गेलेलं सामान आणि नमुने यांसाठी दहा टक्के, १,४००. म्हणजे १५,४००. आणि मी मागितले होते ६,५००. तोच ग्राहक १५,४०० ला कदाचित नाही म्हणाला असता. मग त्याला चार फुटांऐवजी दीड फूट आणि फक्त शेड असं काम सुचवायचं. दर कमी करायचा नाही, काम कमी करायचं. निम्मे पैसे आधी, उरलेले माल न्यायच्या आधी, आणि तयार मॉडेल स्वतःच्या हाताने पोचवायचं. पार्सलमध्ये "नाजूक" लिहिल्याने छप्पर टिकत नाही.

गिऱ्हाईक कोण?

मोठे लेआउट करणारे छंदवाले महाराष्ट्रात थोडे आहेत, फक्त त्यांच्यावर घर चालणार नाही. मला जे दिसलं ते असं. दौंड जंक्शन आहे, मनमाडकडे आणि बारामतीकडे फाटे फुटतात, पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेत गेलेली घरं आहेत. निवृत्तीच्या समारंभाला शाल-श्रीफळ आणि घड्याळ देतात. त्याऐवजी फूटभर लांबीच्या काचेच्या पेटीत फलाटाचा तुकडा, पाटी आणि त्या माणसाच्या आठवणीतली एक गोष्ट, कुणाची केबिन, कुणाचा गेट. अशा पेटीला आमच्याकडे सगळ्यात कमी घासाघीस होते, कारण पैसे वर्गणीतून येतात. श्रावणाच्या आधी गणेश मंडळं देखाव्यासाठी फिरतात, तिथे काम मोठं पण उधारी लांबते, आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय ब्रश उचलू नका.

आणि तिसरं आपल्या दारातच आहे, कुरकुंभ एमआयडीसी. केमिकल कारखान्यांना नव्या कामगारांच्या सुरक्षा प्रशिक्षणासाठी, पाहुण्यांना दाखवण्यासाठी प्लांटचं मॉडेल लागतं. टाक्या, पाइप, चिमणी, जिने: हात तोच, नजर तीच. फक्त इथे मनाने रंग द्यायचे नाहीत. पाइपांच्या रंगांचं भारतीय मानक आहे, आयएस २३७९: पाण्याला समुद्री हिरवा, वाफेला ॲल्युमिनियमचा चंदेरी, हवेला आकाशी. सेफ्टी ऑफिसरकडून त्यांचा नकाशा आणि रंगांची यादी लेखी घ्या, आणि मॉडेलवर तारीख टाका, कारण प्लांट बदलत राहतो आणि दरवर्षी दुरुस्तीचं काम तुम्हालाच मिळू शकतं. बिल लागेल, म्हणून उद्यम नोंदणी करून ठेवा. ती ऑनलाइन आणि मोफत आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

या आठवड्यात एवढंच करा: घराजवळची एक टपरी निवडा, काठी लावून समोरून आणि बाजूने फोटो काढा, १:८७ ची मापं वहीत उतरवा. पुढच्या व्हिडिओत आपण तीच टपरी सनबोर्डमधून कापणार आहोत. बिस्किटांच्या बरण्यांचं काय करायचं ते मी शोधतोय. मोती बारीक पडतात आणि मणी जाड. तुमच्याकडे काही चांगलं सापडलं तर घेऊन या.